फोंडा ते मलाक्का, टॅक्सीविना: एका पहिल्या परदेशवारीचा प्रकरण अभ्यास

ऋषीपंचमीच्या दिवशी पानावरून उठता उठता मावशीनं जाहीर केलं, "आयुष्यभर लोकांना तिकिटं फाडून दिलीत, आता स्वतःचं एक काढा. परदेशाचं." काका हसले नाहीत, म्हणजे विषय गंभीर होता. तेहतीस वर्षं त्यांनी कदंब महामंडळाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, गाड्यांवर कंडक्टरकी केली. मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तो ६७ वर्षांचा गडी आणि ६२ वर्षांची ती, दोघांनी मुंबईच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. आखणीचं काम माझ्याकडे आलं, कारण फोंडा-पणजी रोज बसनं ये-जा करणारी घरात मी एकटीच. काकांच्या लेखी ही पात्रता मोठी.

काकांची अट एकच होती: सगळा प्रवास सार्वजनिक गाड्यांनी. टॅक्सी नाही, कोणाची गाडी मागवायची नाही, घरच्या अंगणापासून परत अंगणापर्यंत. पैशांचा प्रश्न नव्हता. बस उभी असताना टॅक्सी करणं म्हणजे आपलीच गाडी रिकामी सोडणं, असं त्यांचं म्हणणं. मावशीनं त्यावर आपली अट चढवली: अख्ख्या प्रवासात एक माफी. एकदा, फक्त एकदा, ती म्हणेल तेव्हा टॅक्सी करायची आणि काकांनी तोंड वाकडं करायचं नाही. मला ही अट तेव्हा गंमत वाटली होती. आखणीतली सगळ्यात शहाणी ओळ तीच होती हे पुढं कळलं.

मलेशियातलं मलाक्का कसं ठरलं तेही सांगायला हवं, कारण कोणीही आधी बँकॉक नाहीतर दुबई सुचवतं. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचं प्रदर्शन भरतं. काकांनी १९८४ पासून २०१४ पर्यंतच्या चारही प्रदर्शनांत जादा गाड्यांवर ड्युटी केली. लोक सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, दर्शनाला येत आणि काका त्यांना पणजीहून नेत-आणत. मावशीला शिक्षिकेची खोड. तिनं विचारलं, "सायब गोव्यात यायच्या आधी कुठं होता?" उत्तर मलाक्का. झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. १५५३ मध्ये त्यांचा देह मलाक्क्याच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरला होता आणि तिथून तो गोव्याला आला. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकेर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं आणि लगेच पुढच्या वर्षी मलाक्का. म्हणजे हा मार्ग पाचशे वर्षं जुना, फक्त थांबे बदललेले. काका म्हणाले, "मग ठीक. रूट आहे."

व्यवहाराच्या बाजूनंही मलेशिया सोयीचा निघाला. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत २०२६ अखेरपर्यंत आहे. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. वाचायला हे किरकोळ वाटेल, पण बसनं फिरणाऱ्याला ते फार मोलाचं असतं. पलीकडे जायच्या बससाठी रस्त्याच्या कुठल्या अंगाला उभं राहायचं, हे पायांना आपसूक कळतं.

पासपोर्टमध्ये गोव्याची म्हणून एक गाठ असते, ती आलीच. काका १९५८ चे, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतले. जन्मनोंदीत आडनावाच्या शेवटच्या 'क' साठी 'क्यू-यू-ई' आणि आधार, पॅन, पेन्शनच्या कागदांवर साधा 'के'. आमच्याकडे ही अडचण घरोघरी आहे. सुदैवानं १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच हवा असं नाही, दुसरे कागदही चालतात. एकाच स्पेलिंगचे सगळे कागद पुढं केले आणि जन्मनोंद कपाटातच ठेवली. साठीच्या वरच्यांना शुल्कात दहा टक्के सूट मिळते, तीही घेतली. पुढची सगळी तिकिटं पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणं, एकही अक्षर इकडंतिकडं न करता.

आता माझी पहिली चूक. मी नऊ दिवसांचा भरगच्च कार्यक्रम केला: क्वालालंपूर, इपोह, पेनांग, मलाक्का आणि जमलं तर बसनं सिंगापूर. प्रत्येक ठिकाणी काय बघायचं याची यादी, सोबत फोटो. काकांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "बाय, हातूंत गाडयो खंय आसात?"

खरंच, त्यात गाड्या नव्हत्या. ठिकाणं होती आणि मधल्या जागी बाण होते.

काकांनी जुन्या वहीतलं दुहेरी पान फाडलं आणि पट्टीनं रेघा मारल्या. वेबिल, म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद, लिहिल्यासारखं अक्षर, निळं बॉलपेन. रकाने चार: कुठून कुठं, गाडी, चुकली तर पुढची, शेवटची. प्रवासाची प्रत्येक गाडी बदलली की नवी ओळ. मग त्यांनी मला नियम सांगितला, जो त्यांना डेपोत पहिल्याच वर्षी शिकवला होता म्हणे: गावाला जाणाऱ्या माणसाला पहिली गाडी कोणीही सांगेल, आपण त्याला शेवटची सांगायची. तिसरा रकाना रिकामा राहिला, म्हणजे चुकली तर पुढची गाडीच नसेल, तर तिथं अर्धा दिवस मोकळा सोडायचा. चौथ्या रकान्यातली वेळ आणि आपण पोचायची वेळ यांत तीन तासांहून कमी अंतर असेल, तर तो बेत रद्द.

या चाळणीतून माझा कार्यक्रम गाळला तेव्हा सिंगापूर सगळ्यात आधी पडलं, मग इपोह. पेनांगवर मात्र काकांचा जीव होता. क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत सुमारे चार तासांची वेगवान रेल्वे आहे आणि तिथून फेरीबोटीनं पेनांग बेटावरचं जॉर्ज टाउन. बेतीच्या फेरीवर वाढलेल्या माणसाला फेरीबोट दाखवली की संपलंच. पण त्या एका बोटीसाठी कागदावर सहा ओळी वाढत होत्या. काकांनी स्वतःच त्यावर काट मारली आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. माझं मत आजही तेच आहे: गुडघे कुरकुरणाऱ्या माणसांचा प्रवास किलोमीटरमध्ये मोजू नये, सांध्यांत मोजावा. गाडीत बसलेलं माणूस थकत नाही. सामान उचलून दुसरी गाडी शोधताना थकतं.

सगळ्यात मोठी चर्चा झाली ती घर ते विमान या पहिल्या तुकड्यावर. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई किंवा बेंगळुरूला जायचं आणि तिथं विमान बदलायचं, हा सरळ मार्ग. विमानतळाहून कदंबच्या इलेक्ट्रिक बसही आहेत. पण दोन विमानांची वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. तिसरा रकाना कोरा. काकांनी कोकणकन्या धरली. मडगावहून संध्याकाळी निघून ती पहाटे मुंबईला पोचते आणि विमान त्याच रात्री साडेअकराचं. मधले सतरा तास गिरगावात काकांच्या चुलतभावाकडे. गाडी पाच तास उशिरा आली असती तरी जेवण तिथंच झालं असतं. गिरगावपासून विमानतळाच्या टर्मिनल दोनपर्यंत आता भुयारी मेट्रो थेट जाते. ही मार्गिका पूर्ण सुरू झाली ती २०२५ च्या ऑक्टोबरात. म्हणजे आमची अट वर्षभर आधी कोणी घातली असती तर त्या शेवटच्या तुकड्यात लोकल, मग बस असा खेळ करावा लागला असता.

तारखा ठरवताना आणखी एक गोष्ट शिकलो. मलेशियात सणाला गावी जायची लाट येते, तिला 'बालिक काम्पुंग' म्हणतात. ईद आणि चिनी नववर्षाला सगळा देश रस्त्यावर येतो आणि बसची तिकिटं मिळत नाहीत. चतुर्थीच्या आधीची कोकण रेल्वे डोळ्यांसमोर आणली की पुढं समजावून सांगावं लागत नाही. २०२६ मध्ये थाईपुसम हा तमिळांचा सण १ फेब्रुवारीला आणि चिनी नववर्ष १७ ला होतं. म्हणून संक्रांत करून १९ जानेवारीला निघायचं आणि महिना संपायच्या आत घरी यायचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. २० नोव्हेंबरला सकाळी आठला मी फोन हातात धरून बसले होते, काका शेजारी. आधी गाडीचं तिकीट पक्कं झालं आणि मगच विमानाचं काढलं. उलट क्रमानं करणारे लोक मला नेहमी भेटतात आणि मग वेटिंग लिस्टकडे बघत देव पाण्यात घालून बसतात.

हॉटेलांचं थोडक्यात. मलाक्क्यात मी आधी नदीपलीकडचं एक स्वस्त हॉटेल बघितलं होतं, ते सोडून जुन्या लाल चौकापासून चालत जाता येईल असं घेतलं. क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्समध्ये, केएल सेंट्रल स्थानकाला लागून. "मुक्काम डेपोजवळ," काका म्हणाले. तिथं तमिळ खानावळी रांगेनं आहेत, त्यामुळं मावशीच्या सोमवारचाही प्रश्न सुटला. मलाक्क्यात शुक्रवार ते रविवार योंकर रस्त्यावर रात्रीचा बाजार भरतो, गर्दी आणि दर दोन्ही चढतात, म्हणून बुधवारी जाऊन शनिवारी सकाळी निघायचं ठरलं. बाजाराची एक संध्याकाळ तेवढी मिळाली.

मलेशियात उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. ते फुकट आहे. फोनवर शोधलं तेव्हा सगळ्यात वर आलेलं पान मात्र हुबेहूब सरकारी दिसत होतं आणि शेवटी कार्डाचा नंबर मागत होतं. मी नंबर टाकायला लागले होते. मावशी म्हणाली, "सरकारी कागदाला एवढा गोड रंग कसा?" तिच्यामुळं वाचलो. सरकारी संकेतस्थळावर जाऊन पुन्हा भरलं.

परतीचा प्रवास मात्र काही केल्या बसेना. क्वालालंपूरहून संध्याकाळी सुटणारं विमान मुंबईत रात्री साडेदहा-अकराला उतरतं. मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराची. कोकणकन्या ११.०५ ची, ती तर विमानाच्या खिडकीतूनच बघायची. सकाळी मेट्रो सहाच्या सुमारास सुरू होते आणि मांडवी एक्स्प्रेस सीएसएमटीहून ७.१० ला सुटते. मला वाटलं, जमेल. काकांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. सामानाचा पट्टा, रांग, मेट्रो, मग जिना चढून रेल्वे आणि हे सगळं रात्रभर जागून. शेवटी असं ठरवलं: रात्र विमानतळावर बाकावर काढायची, सकाळच्या मेट्रोनं गिरगावला जायचं, दिवसभर झोपायचं आणि त्या रात्रीची कोकणकन्या पकडायची. टॅक्सी केली असती तर विमानतळ ते गिरगाव तासाभराचं काम. अट पाळण्याची खरी किंमत ही एक रात्र होती. माझ्या मते ती जास्त होती. मी तसं बोललेही, पण मत देण्याचा अधिकार माझा आणि गुडघे त्यांचे.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. लांबचे सगळे तुकडे घड्याळासारखे चालले. विमान सकाळी सव्वासातला उतरलं, तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. पासपोर्टच्या रांगेत दीड तास गेला, पण कुठलीही ठराविक गाडी धरायचीच नव्हती, त्यामुळं कोणी घाबरलं नाही. विमानतळाच्या रेल्वेनं बंदर तासिक सेलातान, तिथून पादचारी पुलानं समोरच्या टीबीएस बसस्थानकात. तिथं तिकिटं एकाच ठिकाणी मिळतात, पासपोर्ट दाखवावा लागतो आणि विमानतळासारखे दरवाजांचे आकडे लागतात. काकांनी तिथून फोन केला, आवाज बदललेला: "बाय, हांगा कोणूच बोवाळ घालना." पणजी, पणजी, पणजी असं ओरडणारं कोणी नसलेलं बसस्थानक त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं होतं. मलाक्क्याचं तिकीट माणशी दहा-पंधरा रिंगिट, एका रिंगिटला आपले वीस-बावीस रुपये धरा. प्रवास दोन तासांचा.

गाडी अडली ती त्यानंतर. मलाक्का सेंट्रल हे बसस्थानक जुन्या गावापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथून शहरबस मिळते, असं मी कागदावर लिहिलं होतं. तिसऱ्या रकान्यात 'दर २० मिनिटांनी'. तो आकडा मी कुठल्यातरी जुन्या माहितीवरून उचलला होता. ते थांब्यावर उभे राहिले दुपारी सव्वाला. डोक्यावर विषुववृत्ताजवळचं ऊन, रात्रभराचं जागरण, दोन बॅगा. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. एक बस आली, ती दुसरीकडची. पन्नासाव्या मिनिटाला मावशी बॅगेवरून उठली आणि म्हणाली, "माझी माफी." काकांनी तोंड वाकडं केलं नाही. पण इकडून फोनवरून त्यांच्यासाठी टॅक्सी मागवताना माझ्याकडून पाच मिनिटं गेली आणि तेवढ्यात समोरून बस आली. मावशीनं बसकडे ढुंकूनही बघितलं नाही.

हा प्रसंग मी नंतर पुष्कळ उलगडून बघितला. फोंडा ते मुंबई, मुंबई ते क्वालालंपूर, तिथून मलाक्का, हजारो किलोमीटर नीट गेले आणि चार किलोमीटरवर आखणी मोडली. आणि हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण आमच्याकडे अगदी हेच आहे. फोंड्याहून मडगावच्या कदंब स्थानकापर्यंत बस हाकेला मिळते, पण तिथून रेल्वे स्टेशन गाठायचं म्हटलं की माणूस पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, शोधायला लागतो. निघायच्या दिवशी त्यावर वादही झाला होता. दुचाकी पायलट सार्वजनिक की खासगी? काकांचा निकाल: पिवळा मडगार्ड आहे, परवाना आहे, म्हणून सार्वजनिक. मावशीचा निकाल: बॅग मांडीवर घेऊन मी पायलटवर बसणार नाही. शेवटी स्टेशनकडची लोकल बस मिळाली. पुन्हा कोणाची आखणी केली, तर मोठ्या गाड्यांची तिकिटं डोळे मिटून काढीन आणि सगळा वेळ या तीन-चार किलोमीटरांवर घालवीन. कालचा आकडा हवा, तिथल्या माणसाकडून विचारून घेतलेला, आणि सामानासकट चालता येतं का याचं खरं उत्तर.

मलाक्क्यातले दिवस सुखाचे गेले. टेकडीवर सेंट पॉल चर्चच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. आत जाळी लावलेला रिकामा खड्डा, जिथं देह काही महिने होता. काका तिथं बराच वेळ उभे होते. मावशीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "हा चढायचा थांबा. आपण उतरायच्या थांब्यावर होतो." खाली पोर्तुगीज किल्ल्याची एक वेस तेवढी शिल्लक आहे. डचांनी १६४१ मध्ये हे बंदर पोर्तुगीजांकडून घेतलं. मावशीचा जीव मात्र शब्दांत रमला. मलायमध्ये खिडकीला 'जंदेला' म्हणतात, आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'जनेल' म्हणतात. चर्चला 'गरेजा', आपली 'इगर्ज'. दोन्हीकडं पोर्तुगीजांनी सोडलेले. आणि नवऱ्याला 'सुआमी'. हा शब्द तर त्यांच्याही कितीतरी आधी गेलेला, संस्कृतातला. तो कळल्यावर काकांचा भाव दोन दिवस वधारला होता.

क्वालालंपूरबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण तिथं काही चुकलं नाही. केएल सेंट्रलहून बटू केव्हजला थेट लोकल जाते. तिथं ४२.७ मीटरची मुरुगनाची मूर्ती आणि २७२ पायऱ्या. काका चढले, मावशी खाली नारळपाणी पीत बसली. लोकल तासा-अर्ध्या तासानं असल्यामुळं काकांनी परतीची वेळ आधी लिहून घेतली होती आणि वरून ते घड्याळ बघतच उतरले. शहरातल्या बसमध्ये कंडक्टर नाही, रोख पैसेही नाहीत, सगळं कार्डावर. याचं त्यांना वाईट वाटलं. "सुट्ट्यांवरून भांडायला माणूस नको?" विमानतळावर परत जाताना केएल सेंट्रलहून एक्स्प्रेस गाडी, २८ मिनिटं, माणशी ५५ रिंगिट. दोन टर्मिनलांपैकी आपलं कुठलं ते आदल्या रात्रीच बघून ठेवलं होतं. मलेशियातला दोघांचा सगळा प्रवास, माफी धरून, तीनशे रिंगिटच्या आत बसला.

मुंबईतली विमानतळावरची रात्र वाईट गेली. एसी कडक, बाक लोखंडी. मावशीनं दोन शाली अंगावर घेतल्या आणि काकांशी एक शब्दही बोलली नाही. गिरगावातले चुलतभाऊ अकरा वाजल्यापासून फोन करत होते, मी गाडी घेऊन येतो म्हणून. काकांनी नको म्हटलं. सकाळी मेट्रोत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. भुयारात खिडकीतून काय दिसणार?

गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन मडगाव स्टेशनवर गेले. कोणी बोलावलं नव्हतं. मावशी सरळ पुढच्या सीटवर येऊन बसली, बॅगा काकांनी डिकीत ठेवल्या आणि डिकी बंद करून म्हणाले, "तुम्ही चला. मी स्टँडवरून येतो." मावशीनं काच वर केली. आम्ही घरी पोचून चहा टाकला तेव्हा काका अंगणात चप्पल काढत होते. आत येऊन त्यांनी वहीचं ते पान टेबलावर ठेवलं, घडीवर झिजलेलं, एका कोपऱ्याला सोलकढीचा डाग. शेवटची ओळ बसमध्येच लिहिलेली दिसत होती, अक्षर हललेलं. मडगाव ते फोंडा. चुकली तर पुढची: दहा मिनिटांनी.